झोपाळ्याचा १६ एमएमचा आकडा तुटला. दुसरा शाबूत दिसतोय, ठेवावा का?

गावभागकर

नमस्कार. प्रश्न झोपाळ्याच्या आकड्याचा आहे, पण काळजीनं विचारतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. माजघरात झोपाळा, आजोबांनी बसवलेला, सागवानी फळी आणि पितळी कड्या. गेल्या महिन्यात एका दुपारी आई त्यावर मेथी निवडत बसली होती, शेजारी माझी सात वर्षांची मुलगी. झोका म्हणाल तर आई नुसती पायाच्या अंगठ्यानं जमीन रेटत होती. डाव्या बाजूचा वरचा आकडा काडकन तुटला आणि फळी एका अंगानं खाली आली. मुलीचं खरचटण्यावर भागलं. आईचं उजवं मनगट मोडलं. मिरजेला नेऊन प्लास्टर घातलं, ते अजून आहे.

रचना अशी. २०१२ साली घराची दुरुस्ती काढली तेव्हा लाकडी तुळई वाळवीनं पोखरलेली निघाली. ती काढून लोखंडी गर्डर टाकला. पितळी कड्या जुन्याच ठेवल्या, वरचे दोन आकडे मात्र नवे, बेअरिंगवाले घेतले. १६ एमएमची दांडी, तिला आटे. गर्डरच्या खालच्या पट्टीला भोक पाडून दांडी त्यातून घातली आणि वरून एक, खालून एक असे दोन नट आवळले. दांडीच्या खालच्या टोकाला बेअरिंगचा डोळा, त्यात कडी. तुटलंय ते खालच्या नटाच्या अगदी लगत, आट्यातच.

२०१९ च्या पुरात आमचं माजघर बुडालं होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्याकडे ते गर्डरला टेकलं होतं. आकडे चार-पाच दिवस पाण्याखाली होते. नंतर झोपाळा धुतला, पुसला, आकड्यांना वरून रंग दिला. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, पण आकड्यांपर्यंत नाही.

आता तीन माणसांनी तीन कारणं सांगितली. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, लोखंड जुनं होऊन ठिसूळ झालंय, वेल्डिंग मारून देतो, जन्मात तुटणार नाही. शेजारचे म्हणतात, मुलं संध्याकाळी उभं राहून झोके घेतात, वजन जास्त झालं. भाऊ म्हणतो, माल हलका. मला विचाराल तर १६ एमएमची दांडी आई आणि एका लहान पोरीच्या वजनानं तुटते हेच डोक्यात शिरत नाही.

तुटलेला तुकडा समोर ठेवून लिहितोय. तोंडावर दोन रंग आहेत. पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक तपकिरी चंद्रकोर, हाताला गुळगुळीत लागते. दोन्हींच्या मधे एक आडवी पट्टी, ज्वारीच्या दाण्याएवढी रुंद, ती राखाडी, चमकती आणि खरबरीत. तुटायच्या आधी पंधरा-वीस दिवस झोपाळा टक टक वाजत होता, तेही सांगून ठेवतो.

उजवा आकडा डोळ्यांना ठणठणीत दिसतो. तो ठेवून फक्त डावा बदलू का? आणि वेल्डिंग चालेल का?

आणखी एक. आई कोणाला काही बोलत नाही, पण परवा म्हणाली, "मीच जड झाले असेन रे." तिला काय सांगू ते कळत नाहीये.

रोहित_विश्रामबाग

आईंना लवकर बरं वाटो. दोन्ही आकडे काढा आणि सरळ स्टेनलेस स्टीलचे घ्या. गंजणार नाहीत, विषय संपला.

तपासनीस_कुपवाड

गावभागकर, आधी आईंना माझा निरोप सांगा. आकडा त्यांच्या वजनानं तुटलेला नाही. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. तुम्ही वर्णन केलेल्या तुकड्यावर तसं लिहिलेलंच आहे. ते कसं वाचायचं ते सांगतो.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून आकार देण्याच्या, कारखान्यात ३१ वर्षं तपासणी विभागात होतो. गिऱ्हाइकाकडून तुटून परत आलेला माल माझ्या टेबलावर यायचा. पहिल्याच आठवड्यात आमच्या जुन्या फोरमननी बजावलं होतं, तुटलेली दोन तोंडं एकमेकांना जुळवून बघायची नाहीत. प्रत्येकाचा हात तिथेच जातो, आणि तोंडावरच्या बारीक खुणा घासून जातात. तुमच्याही हातून ते झालं नसेल तर करू नका. तारेचा ब्रश लावू नका, तुकडा कागदात गुंडाळून ठेवा.

ती राखाडी पट्टी त्या दुपारी तुटली. तपकिरी चंद्रकोरी त्या दुपारच्या नाहीत. तिथलं लोखंड कित्येक महिने आधीच सुटलेलं होतं, हवा आणि ओल आत जात होती, म्हणून ते गंजलं. गुळगुळीत का? तर प्रत्येक झोक्याला भेगेची दोन तोंडं उघडायची, मिटायची, एकमेकांवर घासायची. शेवटी शेवटी ती टक टक त्याचीच असणार. भिंगातून तिरप्या उजेडात बघा, चंद्रकोरीवर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेघा दिसण्याची शक्यता आहे. गंजानं पुसल्या नसल्या तर. भेग एकेका टप्प्यावर कुठवर आली होती त्याच्या त्या खुणा. नदी ओसरताना घाटाच्या पायऱ्यांवर गाळाच्या रेघा ठेवत जाते, तशा.

चंद्रकोरी दोन आणि समोरासमोर, हे तर सगळ्यात बोलकं. नुसत्या ओढीनं तुटलं असतं तर असं चित्र येत नाही. झोपाळा पुढे गेला की दांडीची एक बाजू ताणली जाते, मागे आला की दुसरी. म्हणून पुढून एक भेग, मागून एक भेग, आणि मधे शेवटपर्यंत तग धरून राहिलेली ती पट्टी. पट्टी जितकी अरुंद तितकं शेवटचं ओझं कमी, असा आमचा ठोकताळा होता. तुमची पट्टी ज्वारीच्या दाण्याएवढी. म्हणजे तो आकडा जवळजवळ संपल्यावरसुद्धा आईंना आणि नातीला पेलत होता.

आता तुमच्या डोक्यात न शिरणाऱ्या गोष्टीकडे येतो. १६ एमएमच्या दांडीत आट्याच्या बुडाशी सुमारे १५० चौरस मिलिमीटर लोखंड उरतं. साधं माइल्ड स्टील एका चौरस मिलिमीटरला ४० किलोच्या आसपास ओढ घेऊन मग तुटतं. गुणाकार करा, सहा टन होतात. आई साठ किलो, नात वीस, फळी आणि कड्या तीस धरल्या तर एका आकड्यावर ५५ किलो येतात. उसानं भरलेली बैलगाडी टांगली असती तरी सरळ ओढीत ती दांडी तुटली नसती. तुमची शंका अगदी बरोबर आहे. वजनाचा हिशेब जुळतच नाही, कारण हे काम वजनानं केलेलंच नाही. हे काम संख्येनं केलंय.

गर्डरपासून फळीपर्यंत सव्वादोन मीटर अंतर धरलं तर एक झोका जाऊन यायला तीन सेकंद लागतात. मिनिटाला वीस, तासाला बाराशे. घरात दिवसाला तासभर झोपाळा हलतो असं समजू. वर्षाला चार लाख अडतीस हजार झोके. पुरानंतरची पाच वर्षं धरली तरी बावीस लाखांच्या जवळ. तार हातानं मागेपुढे वाकवून तोडतो तेव्हा आपण दहा-वीस वेळा खूप वाकवतो. इथे बावीस लाख वेळा डोळ्याला न दिसण्याइतकं वाकलंय. प्रकार तोच. कारखान्यात आम्ही याला फटीग म्हणायचो, आमचे फोरमन म्हणायचे, "लोखंड शिणलंय." मला तोच शब्द आवडतो.

पण सगळे आकडे असे तुटत नाहीत, तुमचाच का तुटला? बेअरिंग मोकळं फिरत असतं तर दांडीला वाकवणारा जोर फक्त नटापासून डोळ्यापर्यंतच्या चार बोटं लांबीवर येतो. बेअरिंग जाम झालं की खालची कडीच पान्याच्या दांड्यासारखी होते. लांब पान्यानं नट सहज हलतो ना, तसाच इथे आईंचा अंगठ्याचा रेटासुद्धा कित्येक पट होऊन खालच्या नटाजवळ पोचतो. बेअरिंग जाम कशानं झालं असेल हे तुम्हीच लिहिलंय. चार-पाच दिवस पुराच्या पाण्यात, आत कृष्णेचा गाळ, आणि वरून रंग. तुटलेल्या आकड्याचं बेअरिंग बोटानं फिरवून बघा आणि इथे लिहा.

तुटायची जागा आट्यातलीच का, तर आटा म्हणजे कापलेली खाच. कापडाला कडेला छोटा काप दिला की पुढे ते हातानं सरळ फाटत जातं. खाचेच्या बुडाशी ताण असाच गोळा होतो. त्यातही नटाच्या लगतचा पहिला आटा सगळ्यात जास्त सोसतो, कारण दांडी तिथून पुढे मोकळी आणि मागे आवळलेली. आणि त्याच खाचेत पुराचं पाणी बसलं. साध्या पोलादाचा एक मोठा गुण आहे. त्याच्या मोडण्याच्या ताकदीच्या साधारण निम्म्याच्या खाली ताण राहिला तर गुळगुळीत, कोरडी दांडी कितीही वेळा वाकवा, ती शिणून तुटत नाही. खाच आली की ही मर्यादा खाली येते. गंजाचे खड्डे पडले आणि ओल राहिली की मर्यादा उरतच नाही, मग कमी ताणानंही भेग पुढे सरकत राहते, फक्त वेळ जास्त लागतो.

फॅब्रिकेशनवाल्यांचं "जुनं होऊन ठिसूळ झालं" हे फार जुनं मत आहे, त्यांचा दोष नाही. १८४२ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, पन्नासहून जास्त माणसं गेली. तेव्हा इंजिनियरसुद्धा हेच म्हणत की हादऱ्यांनी लोखंडाचा दाणा, म्हणजे आतली रचना, बदलतो. रँकिन नावाच्या स्कॉटिश इंजिनियरनं १८४३ मध्ये मोडलेले आस बघून मांडलं की दाणा बदलत नाही. जिथे आसाची जाडी एकदम कमी होते तिथल्या कोपऱ्यात भेग सुरू होते आणि हळूहळू आत जाते. पुढे जर्मनीत वोलर या रेल्वेतल्या माणसानं आस फिरवून फिरवून, वाकवून वाकवून वर्षानुवर्षं मोजणी केली, त्यातून ती मर्यादा कळली. तुमच्या त्या राखाडी पट्टीवर दाणा दिसतो तो कुठल्याही झटक्यानं तुटलेल्या लोखंडात दिसतो, तो लोखंड म्हातारं झाल्याचा पुरावा नाही.

आता तुमचे प्रश्न. उजवा आकडा ठेवू नका. तो त्याच गाडीतून आला, त्याच पुरात बुडाला, त्याच रंगानं रंगला, आणि तेवढेच झोके त्यानं घेतले. "शाबूत दिसतो" याला आमच्या टेबलावर काही किंमत नव्हती, कारण तुटायच्या आदल्या दिवशी डावाही शाबूतच दिसत होता. वेल्डिंग नको. आणि रोहित, स्टेनलेस गंजाला बरं हे खरं, पण बेअरिंग जाम आणि आट्यावर वाक हेच राहिलं तर स्टेनलेसही शिणेल.

वाळव्याचा_फॅब्रिकेटर

काकांचा अनुभव मोठा आहे, मान्य. पण वेल्डिंग नको असं सरसकट म्हटलेलं मला पटलं नाही. मी वीस वर्षं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची कामं करतो. हंगामात कारखान्याच्या रांगेत ट्रॉलीच्या जोडदांडीला तडा गेला तर शेतकरी नवी दांडी कुठून आणणार? वेल्डिंग करूनच गाडी काट्यावर जाते. मी वरवर मारून देत नाही. तडा जिथे संपतो तिथे आधी ड्रिलनं भोक पाडतो म्हणजे तो पुढे पळत नाही, मग ग्राइंडरनं चर पाडून तडा तळापर्यंत काढतो आणि मग भरतो. बाजूला पट्टी जोडतो. माझ्या हातच्या दांड्या दोन-दोन हंगाम टिकल्यात.

तपासनीस_कुपवाड

तुम्ही करता ते नीट काम आहे. तड्याच्या टोकाला भोक पाडणं ही विमानाच्या पत्र्यावरही वापरतात ती युक्ती आहे. टोकाची सुईसारखी धार गेली की ताण पसरतो. तळापर्यंत चर पाडणं तर शंभर टक्के बरोबर. बहुतेक जण तडा तसाच ठेवून वरून वेल्डिंगचा मणी, म्हणजे वितळलेल्या धातूची रेघ, ओढतात, मग आत भेग जिवंतच असते.

पण तुमच्याच शब्दांत बघा, दोन हंगाम. ट्रॉलीची दांडी तुम्ही दर हंगामाला उलटसुलट बघता, आणि मोडली तर ट्रॉली रस्त्याकडेला थांबते. झोपाळ्याखाली माणूस आहे आणि वर चढून कोणी बघत नाही. वेल्डिंगच्या कडेला जिथे मणी संपून मूळ लोखंड सुरू होतं तिथे बारीक खाच राहते, आणि थंड होताना धातू आकसून तिथे ताण अडकून बसतो. तिथून नवी भेग सुरू होते. जास्त ताकदीचं पोलाद घेतलं म्हणून वेल्डिंगच्या कडेची ही सहनशक्ती वाढत नाही. शिवाय १६ एमएमच्या आट्याच्या दांडीचं वेल्डिंग म्हणजे दोन बोथट टोकं जोडणं, तिथे तुम्हाला पट्टी लावायलाही जागा नाही. दोनशे-तीनशे रुपयांच्या वस्तूसाठी हे करू नये एवढंच माझं म्हणणं.

वाळव्याचा_फॅब्रिकेटर

झोपाळ्यापुरतं मान्य. माझ्याकडे कोणी आकडा घेऊन आलं तर नवाच करून देईन.

शनिवारपेठ_सातारा

हे वाचून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आमची जाड अॅल्युमिनियमची मोठी कढई आहे, दिवाळीला चकल्या त्यातच होतात. तिचा एक कान गेल्या वर्षीपासून किंचित हलतो. रिवेटच्या भोवती काळी रेघ आहे, मी ती तेलाची काजळी समजून घासत होते, ती जातच नव्हती. आज काथ्यानं स्वच्छ करून बॅटरीसमोर धरली तर रेघेतून उजेडाचा एक ठिपका आरपार आला. हेही तेच का काका? आणि मागे झाऱ्याची दांडी डोक्याशी तुटली होती, तिथे चिकटवल्यासारखे दोन ठिपके होते.

तपासनीस_कुपवाड

ताई, तेच. कढई आजपासून वापरू नका. तापलेल्या तेलानं भरलेली कढई दोन कानांवर उचलता तेव्हा प्रत्येक वेळी रिवेटच्या भोकाची कड वाकते. भोक ही खाचच. आणि अॅल्युमिनियमला पोलादासारखी ती मर्यादा नाही. ताण थोडा असला तरी उचलण्यांची बेरीज चालूच राहते. कान हलायला लागला की दर उचलीला वाक आणखी वाढतो. नवा रिवेट मारून उपयोग नाही, तडा पत्र्यात आहे. झाऱ्यावरचे ते दोन ठिपके स्पॉट वेल्डिंगचे, ठिपक्याची कड म्हणजे पुन्हा खाच. झारा तुटला तर पुरी परत तेलात पडेल. कढईचा कान तुटला तर काय होईल ते मी लिहीत नाही.

कुकरच्या दांड्याचा स्क्रू आणि इस्त्रीची वायर जिथे इस्त्रीत शिरते ती जागा, या दोन्ही एकदा बघून घ्या. वायरीतल्या तांब्याच्या तारा एकेक करून याच प्रकारानं तुटतात. इस्त्री हलवली की चालते, ठेवली की बंद पडते, ती त्याचीच सुरुवात असते.

गावभागकर

काका, बेअरिंग बोटानं फिरवून बघितलं. हलत नाही. पक्कडीत धरून जोर लावला तेव्हा कर्रकन थोडं फिरलं आणि आतून वाळलेला राखाडी गाळ भुग्यासारखा पडला. पाच वर्षांपूर्वीचा नदीचा गाळ माझ्या तळहातावर होता. खरं सांगतो, बघवत नव्हतं.

उजवा आकडा काल गर्डरवरून उतरवला. त्याचंही बेअरिंग जाम. बदलणारच आहे, पण त्याला भेग होती का हे मला कळायला हवं. काही उपाय आहे का?

तपासनीस_कुपवाड

आहे, आणि घरात होतो. मशिनी येण्याआधी रेल्वेच्या कारखान्यांत आसांची तपासणी अशीच व्हायची.

आकडा आधी डिटर्जंटच्या गरम पाण्यात धुवा, पितळी ब्रशनं रंग आणि गंज काढा. ग्राइंडर किंवा घासपेपर लावू नका, लोखंड सारवलं जाऊन भेगेचं तोंड बुजतं. पूर्ण वाळू द्या. मग आट्यांच्या भागावर रॉकेल लावा, रॉकेल मिळत नसेल तर डिझेल. अर्धा तास तसाच ओला ठेवा, मधे एकदा पुन्हा लावा. नंतर सुती फडक्यानं कोरडा पुसा, आट्यांच्या घळीतून दोरा फिरवून तिथलंही पुसून घ्या. शाळेचा पांढरा खडू बारीक कुटून स्पिरिटमध्ये कालवा आणि ब्रशनं पातळ थर द्या. हे सगळं चुलीपासून, गॅसपासून लांब, अंगणात. स्पिरिट उडून थर पांढरा झाला की दांडीच्या टोकावर हातोडीनं हलके चार ठोके द्या आणि चहा पिऊन या. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर ओली काळसर रेघ उमटते.

रेघ उमटली नाही म्हणजे भेग नाहीच असं मात्र धरायचं नाही. आकडा बदलायचा तो बदलायचाच.

गावभागकर

आज सकाळी केलं. मुलीनं खडू कुटून दिला, तिच्या दप्तरातलाच होता. चहा पिऊन येईपर्यंत काही नव्हतं. आटा ओला राहिला असेल म्हणून मी पुन्हा बघायला वाकलो, तर खालचा नट जिथे बसायचा त्याच्या लगतच्या आट्यात केसाएवढी रेघ होती. पुढच्या अंगाला, दांडीच्या घेराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेलेली. मागच्या बाजूला दुसरी, छोटी, बोटाच्या नखाएवढी. थर पुसून पुन्हा खडू लावला. त्याच जागी पुन्हा आली.

मी तो ठेवणार होतो. नुसता डावा बदलून मुलीला बसवणार होतो.

आईला अंगणात बोलावलं. भिंग तिच्या डाव्या हातात दिलं. पहिल्यांदा तुटलेल्या आकड्याच्या चंद्रकोरी दाखवल्या, मग ही रेघ. तुम्ही लिहिलेलं तिला वाचून दाखवलं, सहा टन, बावीस लाख झोके, सगळं. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "म्हणजे हे पुरापासून चाललं होतं?" मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "तेव्हा आपण जीव वाचला म्हणून आकड्याकडे कोण बघतंय." एवढंच बोलली, पण परवापासून तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आज दिसलं नाही.

नवं काय आणि कसं बसवू ते सांगा.

तपासनीस_कुपवाड

छान केलंत, दोन्ही आकडे टाकून देऊ नका, जपून ठेवा.

नव्या रचनेत एकच गोष्ट सांभाळा, आट्यांवर वाक येता कामा नये. गर्डरच्या खालच्या पट्टीला दोन्ही अंगांनी पकडणारा जाड क्लॅम्प करून घ्या, बोल्टनी आवळायचा. त्याला खाली दोन कान, कानांतून आरपार २० एमएमची आडवी पिन, पिन गर्डरला समांतर हवी म्हणजे ती झोक्याच्या दिशेनं फिरते. पिनवर पितळी बुश, म्हणजे पिनवर बसणारी नळी, आणि बुशावर तुमची पितळी कडी. पिनला ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, बसवा. सांधा गर्डरच्या जितका जवळ तितकं चांगलं. आतले कोपरे काटकोनी ठेवू नका, गोलाई द्यायला सांगा. कान क्लॅम्पला वेल्डिंगनं न जोडता एकाच जाड पट्टीतून वाकवून किंवा कापून काढले तर उत्तम. वाळव्याचे आपले मित्र हे करू शकतील. शिवाय प्रत्येक बाजूला गर्डरवरून एक सैल साखळी खालच्या कडीत अडकवा. रोज तिच्यावर भार नको, पण वरचं काही गेलं तर फळी वीतभर खाली येऊन थांबेल.

जुन्या वाड्यांत आकड्यात नुसती कडी अडकवलेली असायची. करकर वाजायची, वर्षानुवर्षं झिजून कडी एका बाजूनं पातळ व्हायची. पण झीज डोळ्यांना दिसते, आणि करकर वाजली की घरातलं कोणीतरी तेल घालायचंच. बेअरिंगचा आकडा आला आणि आवाज बंद झाला, तेव्हा वर बघायचंही बंद झालं. तुमच्या घरात आता दर पावसाळ्याआधी आणि कधी पाणी आलंच तर ते ओसरल्यावर, पिन उतरवून बघायची.

वाळव्याचा_फॅब्रिकेटर

गावभागकर, गर्डरच्या पट्टीची रुंदी आणि जाडी मोजून निरोपात कळवा. कान अखंड पट्टीतून काढून देतो, वेल्डिंग न लावता.

गावभागकर

उशिरा लिहितोय. क्लॅम्प येऊन बसलेत, साखळ्याही. फळी टांगल्यावर आधी आम्ही भाताची पोती ठेवून चार दिवस हलवत होतो, नंतर मी बसलो, मग मुलगी. आई पहिले दोन दिवस कडीला हात लावून नुसती उभी राहायची. काल दुपारी बसली. प्लास्टर निघालंय, मनगट अजून वळत नाही, डाव्या हातानं शेंगा सोलत होती.

काका, एक शेवटचं. नवा बुश थोडा करकरतो. आई म्हणते, पूर्वी खोबरेल घालायचे. चालेल का?

तपासनीस_कुपवाड

खोबरेल थंडीत गोठतं आणि धूळ धरतं. निपलमधून ग्रीस भरा, बुशाच्या दोन्ही कडांतून थोडं बाहेर येईपर्यंत. करकर थांबली तरी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आईंना नमस्कार.